आठव्या मुंगीची जागा

आबा, पाया पडते.

चुका पोटात घाला. शाळा सुटल्यापासून लिहिणंच नाही, आणि मोबाईलवर एकेक अक्षर शोधत बसते.

मी बरी आहे. जेवण वेळेवर मिळतं. आईचा गुडघा कसा आहे? व्यापाऱ्याने काही कळवलं का?

आबा, एक सांगायचंय. मी इथे कापड तपासते ना, त्या टेबलावर परवा आपलीच मुंगीवाटेची नक्षी आली. मशीनवर विणलेली, पण काठात सगळ्या मुंग्या सलग. मला राहवलं नाही. डिझाइनच्या मास्तरांना म्हटलं, "आठवी जागा रिकामी सोडतात. घरातलं जे माणूस लांब असतं, त्याची असते ती."

"अरे वा, मुकी बोलली!" मास्तर म्हणाले. सगळे हसले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्यांनी कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत आठवी मुंगी काढून टाकली. तुम्हाला हातमागावर महिना लागतो तेवढं कापड इथे तासाभरात निघतं, आणि आता मलासुद्धा फरक कळत नाही. व्यापारी त्या रिकाम्या जागेवरूनच आपला माल ओळखायचा ना?

त्याची वाट बघू नका, आबा. काल तो इथेच आला होता, गठ्ठे बघायला. मी टेबलामागे वाकून बसले.

पणजीने पहिल्यांदा ती जागा सोडली, ती कुणासाठी? ते माणूस परत आलं होतं का? मी कधी विचारलंच नाही.

आणि हो, माझी उंची वाढलीय. वरच्या फळीवरचा डबा आता स्टुलाशिवाय निघतो.

तुमची धाकटी