उघड्या हातांनी

४ मार्च
आले एकदाची! दवाखान्यामागच्या गल्लीत, घरमालकीण काकूंच्या माडीवर खोली मिळाली. खिडकी हिरवी, कोपऱ्यात लोखंडी कपाट. त्याचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही. काकू शिलाईकाम करतात. म्हणाल्या, ताई, कपाटाला खुशाल लाथा घाला, माझ्या मशीनला तेवढी नको. त्यांची लेक ठकू आठ वर्षांची, तोंडाची टकळी थांबत नाही. बाबांना फोन केला. ते आधीच सगळ्या आळीला सांगून मोकळे झाले होते, की आमची पोर पदवी घेऊन आता लोकांचं आरोग्य सांभाळणार. मी म्हटलं, नुसती आरोग्य सहायिका आहे हो. बाबा गवंडी, म्हणाले, पायाचा दगड लहान-मोठा नसतो, पहिला असतो.

८ मार्च
गल्लीत कुत्री फार. कान उलटा केला की आत गोचिडी, एरंडीच्या बियांसारख्या टम्म फुगलेल्या. लोक दगड मारतात. दगडाने काय होणार? कुत्री स्वच्छ केली तर दोघांचंही भलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांना म्हटलं, गल्लीतल्या मुलांना घेऊन मोहीम काढू का? ते म्हणाले, जरूर काढा, पण हातमोजे आणि चिमटे वापरा. खोकंच दिलं मला.

११ मार्च
मोहीम सुरू! हातमोजे मुलांना ढगळ होतात आणि चिमटा पाहून कुत्री गुरगुरतात, म्हणून खोकं कपाटात टाकलं. मग मीच युक्ती दाखवली: डोक्यातली ऊ मारतो तशी, दोन अंगठ्यांच्या नखांत धरायची. टच! रक्ताचा थेंब उडतो, मुलं खिदळतात. ठकू सगळ्यांत तरबेज. काकू म्हणाल्या, घरात सुई उचलायला सांगितली की हिचे हात दुखतात! संध्याकाळी डॉक्टरांनी चारचौघांत माझं कौतुक केलं. बाबांना लगेच कळवलं.

१६ मार्च
ठकूला ताप आलाय. उन्हात हुंदडली, काकू म्हणतात. कुत्री आता माझ्या जिन्याच्या पायरीशी येऊन बसतात आणि आपणहून कान पुढे करतात.

२० मार्च
ताप उतरत नाही. आधी मनगटांवर आणि घोट्यांवर बारीक लाल ठिपके आले, आज तळहातांवर, तळपायांवरही. डॉक्टर घरी आले. हिने उघड्या हाताने गोचिडी चिरडल्या का, असं त्यांनी विचारलं. त्यांतून येणाऱ्या तापाचं औषध वेगळं असतं आणि ते लवकर द्यावं लागतं, म्हणाले. काकू म्हणाल्या, ताईंना विचारा, ताई असताना मी कशाला लक्ष घालू?
मी म्हटलं, नाही. हातमोजे होते.
किती सहज निघालं तोंडातून. मग गोवर असेल, असं पुटपुटत डॉक्टरांनी साधं तापाचं औषध दिलं.

२१ मार्च
सांगायचं म्हणून खाली गेले. काकूंनी औषधाची वाटी माझ्याच हातात दिली. म्हणाल्या, तुमच्याच हातून घेते ती. मी पाजलं. सांगितलं नाही. बाबांचा फोन आला होता, उचलला नाही. कुठल्या तोंडाने उचलू?

२२ मार्च
ठकू ग्लानीत. डोळे मिटलेले, आणि अंगठ्यांची नखं एकमेकांवर — टच. टच. काकूंनी विचारलं, हे काय करतेय ही? मी म्हटलं, तापात होतं असं. पांघरुणाखाली तिचे हात दाबून धरले. तरी — माझ्या मुठीत — तिची नखं हलत होती.

२३ मार्च
थंडी वाजतेय. कुत्री जिना चढून दार ओरबाडतात. काखेत काहीतरी चालतंय — काही नाही. केसांत — काही नाही. दोनदा अंघोळ केली. तळहात बघत नाही.

२४ मार्च
बघितले. मलाही.
खाली मशीन बंद. ठकू हाक मारली तरी डोळे उघडत नाही, काकू रडतायत. गोचिडीच्या तापाचं ते औषध दवाखान्यात आहे — फळी मला ठाऊक — गुपचूप आपल्यापुरतं घेता येईल — शी! हे मनात आलंच कसं —
काकू जिना चढतायत. माझ्यासाठी गरम पाणी आणतायत. माझ्यासाठी! मला उठवत नाही. घसा कोरडा — जीभ वळेल की नाही — लिहून ठेवते, नाहीतर पुन्हा खोटंच बोलेन —
काकू, हातमोजे नव्हते. मीच शिकवलं तिला. डॉक्टरांना आत्ताच सांगा, ठकूला —