कळसाच्या जागी दोन टिंबं

३ फेब्रु., मंगळ.
वळ गावच्या आमच्या गोडाऊनात आजपासून कॉम्प्युटरची नवी भाषा, ‘जे’. चौदा वर्षांचं एपीएल फक्त शनिवारपर्यंत. साहेब खूश: साधा कीबोर्ड चालतो, बटणांवर स्टिकर नकोत. दोन्ही एकाच घरच्या भाषा, उजवीकडून डावीकडे वाचायच्या. पण एपीएलच्या चिन्हांना चेहरा होता. ⍋ ला शैलाताई ‘कळस’ म्हणायची. तो लावला की पार्सलं गावांच्या क्रमाने लागायची. वर ⌽ लावला की उलटी, म्हणजे शेवटी उतरायचं ते गाडीत आधी. ‘जे’मध्ये कळसाच्या जागी तिरकी रेघ नि दोन टिंबं. काम तेच करतं मेलं.

शैलाताई माझ्या शेजारच्या टेबलाची. मला हे सगळं तिनेच शिकवलं. मिटिंगमध्ये ती एकटी ‘नको’ म्हणाली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी ‘जे’ला मान डोलावली. महिन्याभरात ती रिटायर झाली. आठ महिने बोलणं नाही.

४ बुध.
बारा ओळी बदलून झाल्या. तिच्या खुर्चीवर आता प्रिंटर ठेवलाय.
आठवण येते तिची. फार येते. लिहून टाकलं एकदाचं.

५ गुरु.
घोळ! एपीएलमध्ये आमची मोजणी एकपासून, ‘जे’ची शून्यापासून. तोंडपाठ आहे, तरी विसरले. यादीतला प्रत्येक रॅक एकाने मागे सरकला. पहिल्या रॅकचा माल आज नव्हताच, म्हणून शून्य कुठे दिसलं नाही. शांपूऐवजी फिनेल चढलं. गेटवर गाडी तपासणाऱ्या इस्माईलभाईंनी हाक मारली, “मॅडम, ये सब तो फिनाइल है. पार्लरवाले क्या इससे बाल धोएँगे?” सगळे हसले, मीही हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

चूक कुठे ते मला कळलं होतं. तरी शैलाताईला फोन लावला, विचारायचं निमित्त करून.
“एक वाढव गो. हाय काय त्यात?” मग म्हणाली, “कलस कसा काढतेस आता?”
“तिरकी रेघ, दोन टिंबं.”
“दिसतो का कलसासारका?”
“नाही.”
“न्हाय ना.” ठेवला.

७ शनि.
जुनं बंद केलं. बटण मीच दाबलं.
‘जे’ कालपासून बिनचूक चालतंय. खरं सांगायचं तर भाषा चांगली आहे, आटोपशीर. उद्या आवडायला लागली तर? त्याचीच भीती वाटते.
आता तिला विचारण्यासारखं काही उरलं नाही. रागावलीस का, एवढंच. ते आठ महिने जिभेवर आहे नि…

चार वाजता तिला परत फोन लावला.
“आता काय काम अरलं?”
“काही नाही ताई. काम काहीच नाही.”
मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, एक, दोन, तीन. फोन ठेवला नाही तिने.