आईच्या उशाशी निर्यातीचं पाकीट

१६ ऑगस्ट, संध्याकाळ, बेंगळुरू

काल कारखान्यात झेंडावंदनाला मीच म्हणाले, आपलं औषध कुणापेक्षा कमी नाही. खोटं नव्हतं. इथे विकली जाणारी आणि परदेशी जाणारी, दोन्ही गोळ्या मीच तपासते. काडीचा फरक नाही.

आज शेजारच्या पद्माक्का बीपीची गोळी दाखवायला आल्या. सरकारी दुकानातली स्वस्त, आमच्याच कारखान्याची.

"चालते ना गं?"

"बिनधास्त घ्या, अक्का."

तेवढ्यात त्यांना आईच्या उशाशी ते पाकीट दिसलं. तीच गोळी, पण निर्यातीची, परक्या लिपीतली. मीच कारखान्यातून मागून आणलेली.

"सरी," म्हणजे 'बरं', एवढंच म्हणून त्यांनी आपली गोळी पिशवीत टाकली.

आता त्या ती घेतील का? फरकच नाही, तर मी ते पाकीट का आणलं?

आईचं पाकीट बदलून, तिथे सरकारी दुकानातलंच ठेवून, मगच त्यांच्याकडे जाईन म्हटलं. ते अजून उशाशीच आहे.