उजवी पाकळी

डिचोली, सोमवार, दिवेलागण

अजून ती पाकळीच डोळ्यांसमोर आहे.

मये गावातल्या घरात आईला आता एकटीने झेपत नाही. माझ्याकडे यायचं की पणजीला दादाकडे जायचं, हे महिनाभर ठरत नव्हतं. दादाने तिच्यासाठी ठेवलेल्या खोलीत एसी बसवला. मी परसात तुळस बांधून घेतली. ती दोघांनाही नुसतं ‘बरां’ म्हणाली. चिडायचेच मी. बारावीला अर्थशास्त्र शिकवते ना! दोन पर्याय सारखेच आवडत असतील, तर एकात जरा भर घातली की पारडं झुकायलाच हवं. हिचं झुकेना.

आज म्हणाली, “देवाक इचारया.” गावच्या देवळात गुरवाने कौल लावला: देवाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं: पणजीला जायचं असेल तर उजवी दे, डिचोलीला तर डावी. आई हात जोडून उभी. मी देवाकडे कुठली बघतेय, तिच्याच चेहऱ्याकडे. उजवी पाकळी पडली. चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही.

माणसाच्या निवडीवरून त्याची आवड कळते, हे किती वर्षं फळ्यावर लिहितेय! आणि माझ्या चौथी शिकलेल्या आईने अशी निवड केली की आवड कोणालाच कळू नये. दादा जिंकला नाही, मी हरले नाही. हे तिला सुचलं कसं?

परतताना राहवलंच नाही. “पण आई, तुला मनातून कुठे राहायचं होतं?”

पाकळी पदराच्या टोकाला बांधत म्हणाली, “तां देवाक म्हायत आसा. तुमी दोघांनी इचारू नकात.”