न घातलेले गाऱ्हाणे

मी, गुणाजी विठोबा तांडेल, वय वर्षे बासष्ट, धंदा मासेमारी, राहणार मौजे खारवणे, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. छातीत दुखते, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून अथवा भिडेखातर लिहीत नाही. भिडेखातर काही करायचे नाही म्हणूनच पुढचे सारे घडले, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले. राहते घर, अंगणातले माड व विहिरीतला हिस्सा माझा मुलगा सत्यवान, जो मुंबईस गिरणीत आहे, त्याला मिळावा. माझी मयत पत्नी प्रेमलता हिची समई सुनेने न्यावी, पण रोज लावणार असेल तरच. मला देव पटत नव्हता तरी प्रेमलतेची समई मी कधी विझवली नाही. काचेच्या कपाटात शोभेला ठेवायची असेल तर ती वाडीतल्या कोणाही लावणाऱ्या बाईला द्यावी.

कलम दुसरे. जाळे विणायच्या माझ्या सगळ्या सुया रामचंद्र मयेकर यास द्याव्यात. कलम तिसऱ्यात लिहिलेल्या कारणावरून गुणाजीला वाळीत टाका, असे देवळात सर्वांत मोठ्याने हाच बोलला, आणि त्याच आठवड्यात फाटके जाळे घेऊन मागच्या दाराने माझ्याकडेच आला. मी ते विणून दिले. आता त्याने स्वतः शिकावे, म्हणजे मागचे दार शोधावे लागणार नाही.

कलम तिसरे, गाऱ्हाण्याच्या मानाबाबत. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जाण्याआधी किनाऱ्यावर उभे राहून साऱ्या वाडीसाठी देवाला गाऱ्हाणे घालायचा मान आमच्या घराकडे आहे. आम्ही मागायचे आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. वडिलांमागे मी पुष्कळ वर्षे घातले. पुढे पुढे तोंड चालू असे आणि आत काहीच नसे. कोणी ऐकतो आहे हे मला पटेनासे झाले. वाडी माझ्या शब्दावर विसंबून होडीत पाय ठेवते आणि मी मात्र ढगाकडे बघून ठरवतो, याची लाज वाटू लागली. एका पौर्णिमेला मी सर्वांसमोर तसे सांगितले आणि हातातला नारळ खाली ठेवला. त्या वर्षी दुसऱ्या वाडीतला माणूस बोलवावा लागला.

सत्यवानाचे मुंबईहून म्हणणे आले की मान सोडू नका, पटत नसले तरी बोलायला काय जाते. त्याला स्वतःला काहीच पटत नाही, पण पहिला नारळ आपल्या घरचा असावा असे वाटते. म्हणून हा मान त्याला देत नाही. वाडीने तो अशा माणसाकडे द्यावा ज्याच्या मनात आणि तोंडात एकच असेल. मग तो कोणत्याही घरचा असो.

बोलायला काय जाते, ते लिहून ठेवतो. मी नारळ ठेवल्यानंतर थोड्याच दिवसांत वादळ झाले आणि माझा धाकटा भाऊ दत्ताराम याची होडी परतली नाही. सगळी वाडी किनाऱ्यावर होती. त्याची बायको तुळसा माझ्यापुढे आली आणि म्हणाली, "भावोजीनू, एक गाऱ्हाणा घाला. तुमका पटना नाय, तर माज्यासाटी घाला."

मी म्हणालो, "मनात नाय तां तोंडान कसा सांगू गो?"

आणि होडी लोटली. माझ्या होडीवरचा गडी बाळा माझ्याबरोबर वल्ह्यावर बसला. भावाची होडी उपडी सापडली. भाऊ सापडला नाही.

पुढे वाडीत कोणीतरी चांगल्या मनाने उठवले की गुणाजीने दर्यात गेल्यावर गाऱ्हाणे घातले होते. तुळसा बाराव्यानंतर विचारायला आली, "दर्यात तरी घातलात काय?" ती होकाराची वाट बघत होती, हे मला दिसत होते. मी नाही म्हणालो. तेव्हापासून ती माझ्याशी बोलली नाही. मालवणच्या बाजारात मासे विकून तिने आपली मुलगी आनंदी हिला वाढवले आणि माझ्याकडून मीठसुद्धा घेतले नाही.

गाऱ्हाण्याने दत्ताराम परतला नसता, हे मी आजही म्हणतो. पण तिला त्या वेळी माझे मत नको होते, कोणीतरी आपल्याबरोबर हाक मारावी एवढेच हवे होते. मी खरे बोललो आणि ती एकटी पडली. यात मी चुकलो की नाही हे मला अजून ठरवता आलेले नाही, आणि आता ठरेल असे वाटत नाही. माझ्यामागे कोणी मी दर्यात गाऱ्हाणे घातल्याचे सांगेल तर ते खोटे समजावे.

कलम चौथे. माझी होडी माझी भावजय तुळसा दत्ताराम तांडेल हिला मिळावी. (हे कलम रद्द. कारण खाली लिहिले आहे.)

आज साक्षीदारांना बोलावले, तेव्हा तुळसेलाही बोलावणे धाडले. ती आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी चौथे कलम वाचून दाखवले. ती म्हणाली, "होडी घेतलंय तर मी तुमका माफ केलंय असा लोक म्हणतले. मी माफ करूक नाय. मगे घेव कशी?"

आनंदीच्या नावाने करावे असे माझ्या मनात आले होते. पण आईच्या पाठीमागून मुलीला देणे हा आडमार्ग झाला असता. मग तिने विचारले की साक्षीदाराला काही मिळते काय. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये, असे मालवणच्या वकिलांनी सांगितले होते, ते मी सांगितले. ती म्हणाली, "मगे साक्षीदार मीच रवतंय." आणि उंबरा ओलांडून आत आली. म्हणून होडी आता बाळाला द्यावी.

कलम पाचवे. माझ्या मरणानंतर लोकलाजेखातर माझ्या नावाने देवापुढे काही मागू नये. ज्याला खरेच पटते त्याला मी अडवणार कोण?

हे पाचवे कलम वाचल्यावर तुळसेने अंगठ्याला शाई लावून घेतली आणि हात तसाच धरून म्हणाली, "मी रोज देवाक गाऱ्हाणा घालतंय. त्येच्यात तुमचा नाव आसता. तुमका माफ केलंय म्हणान न्हय. माका देव पटता म्हणान."

हेही लिहून घ्या, असे तिनेच सांगितले, म्हणून लिहिले. माझे डोळे भरून आले, तेही लिहितो, कारण ते दोन्ही साक्षीदारांनी पाहिले आहे.

वरील सर्व मजकूर मोठ्याने वाचून झाला. गुणाजी यांनी आम्हा दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली व त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर आपापली सही-निशाणी केली.

मुक्काम खारवणे, तारीख ९ मे १९६५.

सही : गुणाजी विठोबा तांडेल

साक्षीदार :
१. सही : भिकाजी सखाराम केळुसकर, शेजारी
२. डाव्या हाताचा अंगठा : तुळसा दत्ताराम तांडेल, भावजय. हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.