सुनेला आणायला कोणी जायचे

११ डिसेंबर १९५३, शुक्रवार

काल सकाळी सून, माझ्या शमूची बायको, बैलांच्या रेंगीत बसली तेव्हा मी खळ्यावर बैल हाकत होतो. थांबवले नाहीत. बैल गोल फिरत होते, त्यांच्यामागे मी.

तिचा भाऊ केशोरीहून न्यायला आला होता. धाकट्या बहिणीचा साखरपुडा. मी नको म्हटले नव्हते, नाताळ झाल्यावर जा म्हटले होते. धानाच्या पेंढ्यांची पुंजणी रचलेली उभी आहेत, मळणीचे चुरणे अर्धेही झाले नाही, घरात चार पोरे, प्रार्थनाघराची सगळी तयारी व्हायची. ती पदर सावरून एवढेच म्हणाली, "दोन वर्सं झाली बाबा, माहेर पाहिलं नाई." मग मीही बोललो. "गेलीस तर आणायला कोणी येणार नाही."

गेली. तान्ही तेवढी कडेवर नेली. थोरली एस्तेर, दाऊ आणि शांतू इथे माझ्या जिवाला.

१२ डिसेंबर, शनिवार

शमूच्या आईने आज चुलीपुढे बसून जाहीर केले. "सैपाक माझा, गुरं माझी. पोट्टे तुमचे. तुमीच बोलून धाडलं ना तिले?" तीस वर्षांच्या संसारात हिने असा संप केला नव्हता.

तेव्हा आंघोळी मी घातल्या, विहिरीवर, थंडीत. एस्तेर बाजूला उभी राहून शिकवत होती. "आबाजी, आई पहिले पाय धुते. मंग डोकं." दाऊ अंगाला साबण तसाच ठेवून पळाला तो तणसाच्या ढिगात शिरला, बाहेर आला तेव्हा बुजगावणे दिसत होता. शांतूच्या डोळ्यांत साबण गेला. चार वर्षांच्या पोराचा आवाज एवढा कसा असतो?

शमू पाहत होता. आपली पोरे, पण हात लावला नाही. हसला मात्र.

१३ डिसेंबर, रविवार

पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, बाकी रविवारी उपासना मी घेतो. मंडळी म्हणजे आमची सहा घरे. लांब प्रार्थना चालू असताना शांतू मोठ्याने म्हणाला, "आबाजी, आता आमेन म्हण ना." सगळे हसले. मीही म्हटले आमेन. काय करणार.

बाहेर बायका विचारू लागल्या, सून दिसून नाही राहिली? मी तोंड उघडायच्या आत शमूच्या आईने सांगून टाकले, "माहेरी गेली. आणायले कोणी जानार नाई म्हनते आमच्या घरचे पुढारी." आता सहाही घरांना ठाऊक. म्हणजे गावाला ठाऊक.

१५ डिसेंबर, मंगळवार

घ्यायला माणूस गेल्याशिवाय सून माहेराहून येत नाही, ही आमच्याकडची रीत. माझ्या बापाने धर्म बदलला, रीत काही बदलली नाही. तशी आपल्या पायांनी परत आली तर तिच्या बापाची मान खाली. आणि मी जावे तर माझी.

शमूला म्हटले, तू जा.

"मी कायले जाऊ? शब्द तुमचा हाये."

"बायको तुझी आहे."

"सून तुमची हाये." आणि बैल सोडायला गेला.

ती गेल्यापासून हा माझ्याशी कामापुरते बोलतो. जेवतो, खळ्यावर राखणीला जातो. घरात कोणी कोणावर ओरडत नाही, ओरडतो तो मीच, आणि तेही पोरांवर.

१६ डिसेंबर, बुधवार

नाताळचा तारा करायला घेतला. बांबूच्या कामट्या सोलल्या, कोहमाऱ्याच्या बाजारातून रंगीत कागद आणला होता. कागद शिजवलेल्या भाताने चिकटवतात. भात शांतूने खाल्ला. दुसरा मागितला तर शमूची आई म्हणते, तांदूळ काय ताऱ्यांसाठी पिकवले? तोवर दाऊने लाल कागदाचा मुकुट करून वासराच्या शिंगांना बांधला होता.

एस्तेर म्हणाली, आई असती तर तारा झाला असता एव्हाना. रागाने नाही म्हणाली. आहे ते सांगितले. त्याचाच मला राग आला.

१८ डिसेंबर, शुक्रवार

युक्ती केली होती. शमूच्या आईचा भाचा येसू परवा त्या बाजूला जाणार होता. त्याला सांगितले, येताना सुनेला घेऊन ये. माणूस गेला म्हणजे रीत झाली. आज परतला. एकटा.

"मामाजी, कोंबडा कापला माझ्यासाठी. रात्री ठेवून घेतलं. पन पाठवलं नाई."

"म्हणाले काय?"

"तिचे बाबा म्हनले, ज्यानं बोलणं केलं त्यानं यावं. येसू, तू जेव, अन जा."

"आणि ती?"

"वयनी? पोट्टे जेवतात का, इचारलं."

"आणि?"

"आनि काई नाई. आत गेली."

म्हणजे माझी युक्ती त्यांनी कोंबड्याबरोबर खाल्ली. आता उघडच झाले. मी गेलो तर येईल, नाही गेलो तर नाही. व्याही माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत. मी या मंडळीचा वडील. माझे बोलणे मी मागे घेत फिरलो तर उद्या कोण ऐकेल माझे?

शांतू आज रडला नाही. नुसता दारात बसून होता. रडला असता तर बरे होते, गप्प बस म्हणता आले असते.

२० डिसेंबर, रविवार

उपासनेनंतर मुलांच्या नाटकाची तालीम. नाताळचेच नाटक, दरवर्षीचे. पण यंदा मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ पाहून आल्यापासून एकालाही मेंढपाळ व्हायचे नाही. सगळ्यांना दुष्ट राजा व्हायचे आहे, कारण दंडारीत राजाला तलवार असते आणि ढोलकी त्याच्याच वेळी जोरात वाजते. तासभर भांडण. शेवटी दाऊच्या ओरडण्याला कंटाळून त्याला राजा केले. भाषण काही नव्हते त्याचे. म्हटले, रागावल्यासारखे कर, काहीतरी बोल.

दाऊ उभा राहिला. कमरेवर हात. माझीच बैल हाकायची काठी हातात. छाती काढून गरजला, "गेलीस तर आनायला कोनी येनार नाई! हुर्र, चाल बैला!" आणि पाठ करून गोल गोल फिरू लागला.

सगळे प्रार्थनाघर हसले. शमूची आई पदर तोंडात घालून हसत होती. शमू खिडकीबाहेर पाहत होता, पण त्याचेही खांदे हलत होते. एस्तेर मात्र हसली नाही. देवदूत झाली होती, आईचे पांढरे लुगडे गुंडाळून. म्हणाली, "दाऊ, ते आबाजीचं बोलणं हाये. राजाचं नाई."

मी म्हटले, पुढे चला.

पुढे कोणाला काही आठवेना.

२२ डिसेंबर, मंगळवार

चुरणे चालू. एक पुंजणे झाले, दोन उभी.

नाताळच्या प्रभुभोजनाआधी ज्याच्याशी बेबनाव आहे त्याच्याशी समेट करावा, हे मंडळीला दरवर्षी मीच सांगतो. दोन वर्षांपूर्वी बांधाच्या भांडणातल्या दोघा भावांना मीच हात धरून समोरासमोर बसवले होते. ऐकत नव्हते तर केवढा बोललो त्यांना. यंदा काय सांगू? सकाळी प्रार्थनेला बसतो तर शब्द येतात, पण पुढे जात नाहीत. मनात येते की दिलेला शब्द पाळावा हे खरे, पण हा शब्द मी दिला कोणाला होता? तिला नाही, शमूला नाही. रागाच्या भरात तोंडातून गेला, आणि आता तो पाळण्यासाठी मी

शांतूने नाकात लाखोळीचा दाणा घातला. घर डोक्यावर. शमूच्या आईने तपकीर हुंगवली, शिंकेसरशी दाणा उडाला. दाऊ म्हणतो, मी पण घालतो. याला खरेच घालायचा होता.

काय लिहीत होतो ते राहिले.

२४ डिसेंबर, गुरुवार

फराळ. शमूच्या आईचा संप पोरांपुरताच आहे, करंज्या केल्या. एस्तेरने अनारसे केले, तळताना अर्धे फुटले. जे बरे निघाले ते डब्यात घालून डबा उशाशी ठेवला. कोणासाठी ते मी विचारले नाही.

पाळकसाहेब संध्याकाळी सायकलवर आले, धुळीने पांढरे झालेले. जेवताना विचारले, "सूनबाई दिसत नाहीत?" मग दाऊ म्हणाला, "आबाजीनं हाकललं."

"हाकललं नाही," मी म्हटले.

"नाई," शमूची आई म्हणाली, "बैल हाकलले. तेवढंच केलं."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि आणखी भात मागितला. भला माणूस.

२५ डिसेंबर, शुक्रवार. नाताळ

पहाटेपासून धांदल. एस्तेरच्या झग्याला पाठीमागे गुंड्या. मी लावल्या त्या एक सोडून एक. दाऊला एक जोडा सापडेना, तो विहिरीजवळ. शांतू नवी चड्डी घालायला तयार नाही, आई घालेल म्हणतो. दंडाला धरून घातली. मग प्रभूच्या जन्माच्या दिवशी सकाळीच पोरावर हात उगारला म्हणून स्वतःवर चिडलो, मग उशीर झाला म्हणून सगळ्यांवर.

नाटक झाले. दाऊला आता मेंढपाळ केला होता. तो सबंध वेळ राजासारखा पाहत होता.

प्रभुभोजनाचे मेज मी लावले. पांढरे कापड मी अंथरले, भाकर मी ठेवली. माझी पाळी आली तेव्हा उठलो नाही. पाळकसाहेब थाळी घेऊन माझ्यापुढे थांबले. मी मान हलवली. ते पुढे गेले. इतक्या वर्षांत असे झाले नव्हते. बाहेर सगळ्यांनी हात मिळवले, नाताळ मुबारक म्हणाले. हात हातात राहायचा, डोळे खाली.

दुपारी शमूच्या आईला म्हटले, उद्या निघतो.

"कुठी?" तिला ठाऊक होते.

"केशोरीला."

"अन चुरणं?"

"राहील. शमू करेल होईल तेवढे. पोरे इथे असू दे."

"काऊन? पोट्टे घेऊन जा. तिनं पोट्टे पाहावं की नाई?" मग जरा वेळाने, "धोतर दुसरं नेसा. हे बरं नाई दिसत."

शमूला सांगितले. तो "हं" म्हणाला. पण बैलबंडीच्या चाकांना आजच वंगण घातले त्याने.

२६ डिसेंबर, शनिवार. अर्जुनी

शमूने कोहमाऱ्यापर्यंत पोचवले. बंडीतून उतरताना माझी पिशवी त्याने घेतली, पोरांना वर चढवले. म्हणाला, "सांभाळून जा बाबा." बस, एवढेच.

मोटारीत गर्दी. कंडक्टर हिंदीत ओरडतो, "ए बुढऊ, बच्चे को गोद में लो!" मी अजून पन्नाशीचाही नाही. दाऊ त्याला म्हणाला, "आमचे आबाजी पुढारी हायेत." मोटारभर हसू. शांतूला मोटार लागली. दुसरे धोतर नेसलो होतो तेच गेले. एस्तेरने अनारशांचा डबा पोटाशी धरला होता, कोणाला उघडू दिला नाही, दाऊशी मारामारी झाली तरी.

मुक्कामाला ओळखीच्या एकांच्या ओसरीवर. पोरे आडवी पडली. प्रार्थना केली. लांब नाही केली.

२७ डिसेंबर, रविवार. केशोरी

सकाळी भाड्याची रेंगी केली. वाटभर काय बोलायचे ते मनात जुळवत आलो. साखरपुड्यापासून सुरुवात करायची, मग चुरण्याची अडचण सांगायची, मग हळूच मुद्द्यावर यायचे. दाऊ शंभरदा विचारत होता, आलं का? त्यात अर्धे विसरलो.

व्याही अंगणात खाटेवर बसले होते. उठले नाहीत. "या," म्हणाले. पाय धुवायला पाणी आले. खाटेची दुसरी बाजू मोकळी होती, पण मी उभाच राहिलो. जुळवलेले सगळे गेले.

"घ्यायला आलो," मी म्हटले.

"कोणाले?"

"सुनेला. मी जे बोललो ते बोलायला नको होते. ते सांगायला आलो."

"मले कायले सांगून राहिले, इवाई? मले थोडंच बोलले तुमी. तिले सांगा."

सून सुशीला दारात उभी होती, तान्हीला घेऊन. पोरांनी केव्हाच तिला गाठले होते. शांतू लुगड्यात शिरून दिसेनासा झाला होता. सुनेपुढे असे कधी बोललो नाही. आमच्यात सासरा सुनेशी बोलतो ते पाणी आण, दिवा लाव. मी पुन्हा म्हटले. सगळे म्हटले. बैल थांबवायला हवे होते तेही म्हटले.

ती ऐकत होती. तिची आई, बहीण, दोन शेजारणी, सगळ्या ऐकत होत्या.

मग ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्सी मले यावं वाटलं तर?"

"येशील."

"चुरणं असलं तर?"

खोटे बोलून सुटता आले असते, सोपे होते. "असले तर मला सांगशील," मी म्हटले, "मग मी चिडेन. पण पोचवायला मी येईन आणि आणायलाही मीच येईन."

शेजारीण फिस्सकन हसली. सुशीला हसली नाही. "विचार करून सांगते," म्हणाली, आणि पोरांना घेऊन आत गेली. आतून दाऊचा आवाज, त्याला सगळे एकदम सांगायचे होते. एस्तेरचाही. डबा उघडल्याचा.

व्याह्यांनी खाटेवर हात आपटला, बसा म्हणून. बसलो. आज आमच्या प्रार्थनाघरात उपासना कोणी घेतली असेल? दोन पुंजणी तशीच उभी आहेत आणि पूर्वेला आभाळ आले आहे.

रेंगीवाला बैलांना चारा टाकून दारात आला. "थांबू का जी? आजच परतायचं असन तर आता निघा लागते."

आतून काही उत्तर येते का म्हणून मी थोडा वेळ वाट पाहिली. आले नाही. त्याला म्हटले, तू जा. आम्ही नाही निघत आज.