साधा चहा

ताई,

हे पत्र पाठवायची माझी छाती होणार नाही.

तुमच्या भावाला नीट गिळता येत नसे. म्हणून संस्थेत त्याचा चहासुद्धा पावडर घालून, खळीसारखा घट्ट करून भरवायचा नियम होता. नऊ वर्षं मी तो पाळला. त्या सोमवारी साधाच चहा पाजला. तो फुप्फुसात उतरला आणि शनिवारी तुमचा भाऊ गेला.

मी तुम्हाला म्हणाले, त्यानेच मागितला, मला नाही म्हणवेना. तुम्ही माझे हात धरलेत. "बरं केलंत. शेवटी मनासारखा चहा तरी प्यायला."

त्याने मागितला नव्हता, ताई. पावडर संपली होती आणि दुसऱ्या डब्यासाठी जिना उतरायचा मला कंटाळा आला. पहिल्याच घोटाला त्याने तोंड फिरवलं. मी हनुवटी धरून म्हणाले, "नखरे पुरे, राजे."

तुम्ही जिचे हात धरलेत, ती